मम्मी नॉट कम टुमारो

सहावीच्या इंग्रजीच्या प्रथम सत्र परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न होता: ताप आल्यामुळे दोन दिवस रजा मिळावी, असं पत्र मुख्याध्यापकांना लिहा. दिवाळीच्या सुट्टीत मी गठ्ठा घेऊन बसले. पहिल्या पत्राच्या उजव्या कोपऱ्यात पत्ता होता, १२, महात्मा गांधी रोड. दुसऱ्या पत्रावर तोच. ४३ पत्रांपैकी ३१ पत्रं त्या एकाच घरातून आली होती. आमच्या वर्गातली बरीच मुलं पुण्यातल्या कर्वेनगरच्या वस्त्यांत राहतात, काही वारज्याहून चालत येतात, एक-दोन राजाराम पुलाच्या पलीकडून. पत्ता गाइडातला होता आणि त्याखालचं पत्रही. डॉक्टरांनी विश्रांती घ्यायला सांगितल्याचं वाक्य ३१ जणांनी त्याच शब्दांत लिहिलं होतं. स्पेलिंगचे अर्धे-अर्धे गुण कापून मी चार, साडेचार, पाच असे गुण देत गेले. न देण्याचं कारण नव्हतं. प्रश्नाने जे मागितलं ते मुलांनी आणून दिलं होतं.

पण त्या ३१ मुलांना इंग्रजीत एखादा निरोप देता येतो का, हे गठ्ठा संपल्यावरही मला कळलेलं नव्हतं. शाळा उघडल्यावर मी चार-पाच जणांना टेबलाजवळ बोलावलं आणि त्यांच्याच पेपरातली एक ओळ वाचायला दिली. दोघांना ती वाचताच आली नाही. चित्र पाहून चित्र काढावं तशी त्यांनी ती लक्षात ठेवून कागदावर उतरवली होती. त्यातल्या एकाला मी साडेचार गुण दिले होते. तो दिवसभर माझ्या डोक्यातून गेला नाही.

पुढच्या घटक चाचणीत मी प्रश्न बदलला. सूचना मराठीत लिहिली: ‘तुमच्या घरातलं कुणीतरी उद्या कामावर जाऊ शकणार नाही. कामाच्या ठिकाणी एक माणूस आहे, त्याला मराठी येत नाही. त्याच्यासाठी इंग्रजीत छोटी चिठ्ठी लिहा. कोण येणार नाही, का येणार नाही आणि परत कधी येणार, एवढं त्याला कळलं पाहिजे.’ गाइडात असली चिठ्ठी नव्हती. काही मुलांनी कोरी जागा सोडली, आणि त्या कोऱ्या जागांनीही मला त्या ३१ पत्रांपेक्षा जास्त सांगितलं. पण बाकीच्यांनी लिहिलं. एकाचे वडील शाळेची रिक्षा चालवतात, त्याने मुलांच्या पालकांना लिहिलं. एकाचे काका कॉलेजच्या कँटीनमध्ये आहेत. एका मुलीची आई कमिन्स कॉलेजच्या बाजूच्या एका सोसायटीत, कोलकात्याहून आलेल्या कुटुंबाकडे पोळ्यांच्या कामाला जाते. तिने लिहिलं होतं: ‘मॅडम, मम्मी नॉट कम टुमारो. फीवर. थर्सडे कम. प्लीज नॉट अँग्री.’

लाल पेन हातात होतंच. ‘विल’ नाही, ‘शी’ नाही, ‘हॅज’ नाही, ‘ऑन’ नाही, ‘डोन्ट बी’ नाही. वर्षानुवर्षांच्या सवयीने माझ्या हाताने पाचपैकी दीड लिहिलं. मग मी पेन खाली ठेवलं. त्या अकरा शब्दांत कोलकात्याच्या त्या बाईंना जे कळायला हवं ते सगळं होतं. आई येणार नाही, ताप आहे, गुरुवारी येईल. शिवाय एक गोष्ट होती जी मी मागितलीही नव्हती: रागावू नका. काम जाऊ नये याची काळजी त्या शेवटच्या तीन शब्दांत होती, आणि ती तिने परक्या भाषेत पोचवली होती.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी नाव झाकून ती चिठ्ठी दोघींना दाखवली. माझ्याहून ज्येष्ठ असलेल्या बाईंनी एक गुण दिला. नुकत्याच लागलेल्या शिक्षिकेने चार दिले. बी.एड.ला विश्वसनीयता हा शब्द मी पाठ केला होता: तोच पेपर कुणीही तपासला तरी गुण साधारण तेच यायला हवेत. इथे एकाच चिठ्ठीला एक, दीड आणि चार. मुलीचं इंग्रजी तिघींपुढे तेच होतं. काय तपासायचं हे आम्ही ठरवलेलंच नव्हतं, म्हणून जी ती आपल्या मनातलं तपासत होती.

ज्येष्ठ बाईंचं म्हणणं मी हलकं मानत नाही. त्या म्हणाल्या, ‘अशाला चार दिलेस तर ती ‘विल नॉट’ शिकणार कधी? उद्या तिला बोर्डात हे कोण चालवून घेईल?’ प्रश्न रास्त होता. मी त्यावर बरेच दिवस विचार केला आणि गुणदान योजना नव्याने मांडली. निरोपातल्या तीन गोष्टींना एकेक गुण, समोरच्या माणसाशी बोलण्याच्या रीतीला एक, वाक्याच्या घडणीला एक. त्या हिशोबाने मुलीला चार मिळाले आणि घडणीचा एक गेला. तो का गेला हे तिला दाखवता आलं. ‘विल नॉट’साठी त्याच पेपरात दुसरा प्रश्न होता, फक्त त्याचाच. दोन गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्या की त्या आकड्यावरून दोन्हीतली एकही कळत नाही, हे माझं मत तेव्हापासून पक्कं आहे. दीड गुण पाहून त्या मुलीला काय समजलं असतं? इंग्रजी येत नाही, एवढंच.

मी १९९७ साली शिकवायला लागले. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. जून २००० मध्ये राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत बसलेली मुलं २००४ साली पाचवीत आमच्याकडे आली. रंगांची नावं, प्राण्यांची नावं, गाणी, ‘मे आय कम इन’ असं बरंच कानावरून आलेलं इंग्रजी त्यांच्यापाशी होतं. आम्ही मात्र त्यांना जुन्या पाचवीच्याच धाटणीचा पेपर दिला: स्पेलिंग लिहा, गाळलेल्या जागा भरा, एका वाक्यात उत्तर द्या. ऐकून समजणं हा त्यांचा सगळ्यात भक्कम भाग, आणि पेपरात त्याला जागाच नव्हती. हे माझ्या लक्षात यायला पाच-सहा वर्षं गेली, याची मला आजही खंत आहे. त्या तुकड्यांतली मुलं आता संसाराला लागली आहेत.

बी.एड.ला आम्ही संविधान तक्ता करायला शिकलो होतो. उभ्या रकान्यांत उद्दिष्टं, आडव्या ओळींत घटक, प्रत्येक चौकटीत गुण. मी तो इमानदारीने करत असे आणि बेरीज ४० आली की पेपर झाला असं समजत असे. त्या चौकटींत ‘आकलन’ लिहिलं की प्रश्न आकलनाचा होतो, असा माझा भाबडा विश्वास होता. एका शिक्षण परिषदेत साधनव्यक्ती म्हणून आलेल्या बाईंनी तो मोडला. त्यांनी फळ्यावर इंग्रजीच्या अक्षरांत एक वाक्य लिहिलं: ‘अ टिब्लू ग्रोब्ड अ मिर्का इन द फोंड.’ खाली प्रश्न: ‘व्हू ग्रोब्ड द मिर्का? व्हेअर डिड द टिब्लू ग्रोब द मिर्का?’ सगळ्या शाळांचे शिक्षक एका सुरात उत्तरले, टिब्लूने, फोंडमध्ये. ‘मिर्का म्हणजे काय?’ बाईंनी विचारलं. ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण असा शब्दच नाही. दहापैकी दहा मिळाले आणि समजलं काहीच नाही.

घरी येऊन मी माझे तीन वर्षांचे पेपर काढले. उताऱ्यावरचे १५ प्रश्न तपासले. १२ प्रश्न टिब्लूसारखे होते. प्रश्नातले शब्द उताऱ्यात शोधायचे, ती ओळ उतरवायची, झालं. त्यानंतर मी उतारे स्वतः लिहायला लागले, लहान, सहा-सात ओळींचे. दुकान दहाला उघडतं, एकला बंद होतं, पुन्हा चारला उघडतं. मीना दीड वाजता वही आणायला गेली. तिला वही मिळाली का? उत्तर ‘नो’, एक शब्द. पण तो शब्द उताऱ्यात कुठेच नाही, तो मुलाच्या डोक्यातून यावा लागतो. अंदाजपंचे उत्तर येऊ नये म्हणून कारण विचारायचं, आणि कारण मराठीत लिहिलं तरी चालेल असं सांगायचं. नुसत्या चूक-बरोबरच्या दहा प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या तरी साधारण पाच बरोबर येतात. त्या पाच गुणांवर आपण मुलाचं प्रगतिपुस्तक लिहायचं, हे मला पटत नाही.

२०१० मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. वर्णनात्मक नोंदींच्या लिखाणाने शिक्षक हैराण झाले हे खरं आहे, मीही झाले. पण त्याने मला एक दार उघडून दिलं. पाचवी-सहावीला ५० गुण आकारिक, ५० संकलित, आणि संकलितमधले दहा तोंडी किंवा प्रात्यक्षिकाचे. ऐकणं-बोलणं तपासायला अधिकृत जागा मिळाली.

ऐकण्याची पहिली चाचणी मी पाण्यावर घेतली. गुरुवारी पाणी बंद, ही पुण्यात कुणाला नवी गोष्ट नाही. मी इंग्रजीत चार वाक्यांची सूचना तयार केली: देखभालीच्या कामामुळे गुरुवारी आपल्या भागात पाणी येणार नाही, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने येईल. दोनदा वाचली, सावकाश पण घोटून नाही, माणसं बोलतात तशी. मग मराठीत एकच प्रश्न: ‘बुधवारी रात्री तुमच्या घरी काय कराल?’ ज्यांना समजलं त्यांनी लिहिलं: बादल्या भरून ठेवू, पिंप भरू, शुक्रवारपर्यंत पुरवू. एका मुलाने शब्द न लिहिता हंडा, कळशी, दोन बादल्या आणि तांब्या अशी रांग काढली. इंग्रजी लिहिण्यात तो वर्गात सगळ्यात मागे होता. त्याला ‘प्रेशर’ हा शब्दही कळला होता, कारण शेवटच्या बादलीवरच्या नळाची धार त्याने बारीक काढली होती. मी त्याला पूर्ण गुण दिले आणि त्याच्या नोंदीत लिहिलं: ऐकलेली सूचना तपशिलासह समजते.

तोंडी परीक्षेचा प्रश्न वेळेचा असतो. ४३ मुलं, प्रत्येकी तीन मिनिटं, म्हणजे दोन तासांच्या वर. बाकीचा वर्ग तेवढा वेळ काय करणार? आणि बाईंसमोर एकटं उभं राहिलं की बोलकी मुलंसुद्धा गप्प होतात. म्हणून मी जोड्या केल्या. कर्वेनगरचा साधा नकाशा हाताने काढला: विठ्ठल मंदिर, वनदेवी, बस स्टॉप, आमची शाळा, राजाराम पूल. एकाच्या नकाशावर रस्ता आखलेला, दुसऱ्याचा कोरा. पहिल्याने सांगायचं, ‘गो स्ट्रेट, टर्न लेफ्ट’, दुसऱ्याने ऐकून पेन्सिलीने रस्ता काढायचा. सुरुवातीला मुलं हातवारे करून डावं-उजवं दाखवत, म्हणून मधे पुठ्ठा उभा केला. मग शब्दांशिवाय मार्ग उरला नाही. समोरच्याने चुकीचं वळण घेतलं तर ‘नो नो, बॅक, टेम्पलला ये’ असं अर्धं मराठी निघे, तेही मी चालू दिलं. रस्ता पुलापर्यंत पोचला की दोघांना गुण. सहा जोड्या एका वेळी बसवता येत आणि मी मधून फिरत ऐकत असे.

हे मला सुचलं याचा मला अभिमान वाटला होता. नंतर वाचनात आलं की एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रास भागातल्या साध्या, गर्दीच्या शाळांत हेच फार खोलवर करून पाहिलं होतं. वेळापत्रकं, नकाशे, छोटे हिशोब अशी कामं इंग्रजीतून द्यायची. काम जमलं का ते पाहायचं. भाषा त्या ओघात येते असा त्यांचा विश्वास. आपल्याच देशातल्या, आपल्यासारख्याच वर्गांतलं हे काम. बी.एड.च्या वर्षात त्यांचं नाव मी ऐकलं नव्हतं, याचं मला वाईट वाटलं.

सूचना मराठीत लिहिण्यावरून पालक नाराज होतात. इंग्रजीच्या पेपरात मराठी कशाला, असं एक वडील मला म्हणाले होते. त्यांना मी एक जुना पेपर दाखवला. त्यात गटात न बसणारा शब्द ओळखायचा होता, सूचना इंग्रजीतच, ‘फाइंड द ऑड वर्ड’. प्रत्येक ओळीत चार शब्द, अशा पाच ओळी. एका मुलाने पाचही ओळींत पहिल्या आणि तिसऱ्या शब्दाला गोल केला होता. मी पाचपैकी शून्य दिलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याला गणिताचा गृहपाठ करताना पाहिलं आणि मला थंडी वाजल्यासारखं झालं. आमच्याकडे सेमी इंग्रजी, गणित-विज्ञान इंग्रजीतून. गणितात ‘ऑड’ म्हणजे विषम. पहिला आणि तिसरा, या विषम जागा. मुलाने सूचना वाचली होती, समजून घेतली होती आणि काटेकोर पाळली होती. मी त्याला बोलावून तेच शब्द मराठीत सूचना देऊन पुन्हा दिले. पाचपैकी चार बरोबर आले. ते वडील पेपर हातात धरून बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, ‘मग गणिताच्या पेपरात काय होत असेल?’ मला त्याचं उत्तर देता आलं नाही, पण त्या वर्षी गणिताच्या बाई आणि मी मिळून त्यांच्या पेपरातले वीस-बावीस सूचनेचे शब्द काढले आणि मुलांना आधी शिकवले.

प्रश्न वाईट आहे हे कधीकधी हुशार मुलंच सांगतात. विरुद्धार्थी शब्दांत ‘ओल्ड’ होता, उत्तरसूचीत ‘न्यू’. गुण मांडताना दिसलं की वर्गात वरच्या गटातल्या बऱ्याच जणांचं उत्तर चुकलंय आणि खालच्या गटाचं बरोबर आहे. असं उलटं दिसलं की प्रश्नातच काहीतरी बिघडलेलं असतं. वरच्या मुलांनी ‘यंग’ लिहिलं होतं. त्यांच्या डोक्यात आजी होती, आमच्या डोक्यात वही. तेव्हापासून एकटा शब्द मी विचारत नाही, वाक्यात बसवून देते.

ज्या भागात माझी शाळा आहे तिथे एके काळी हिंगणे हे गाव होतं. महर्षी कर्व्यांनी १९०० साली आपला अनाथ बालिकाश्रम तिथे नेला आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणं सांभाळून ते पायी जा-ये करत. पुढे भागालाच त्यांचं नाव मिळालं. आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी जमवणाऱ्या पार्वतीबाई आठवले या त्यांच्या पत्नी बाया कर्वे यांच्या बहीण. इंग्रजी येत नाही हे त्यांच्या मनाला इतकं लागलं होतं की पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्या इंग्रजी शिकायला अमेरिकेला गेल्या आणि तिथे लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. ‘माझी कहाणी’ या आत्मकथनात त्यांनी हा काळ सांगितला आहे. परक्या घरात सांगितलेलं काम समजलं की नाही, हीच त्यांची रोजची परीक्षा असणार. पोळ्यांना जाणाऱ्या आईच्या मुलीची चिठ्ठी तपासताना मला त्यांची आठवण झाली. शंभर वर्षांनंतर त्याच हिंगण्यात त्याच परीक्षेला एक अकरा वर्षांची मुलगी बसली होती, आणि मी तिला दीड गुण द्यायला निघाले होते.

त्या चाचणीनंतर मी सगळ्यांच्या चिठ्ठ्या परत दिल्या आणि पुन्हा लिहायला लावल्या. दुसऱ्या खेपेला तिने लिहिलं: ‘माय मदर विल नॉट कम टुमारो. शी हॅज फीवर. शी विल कम ऑन थर्सडे. प्लीज डोन्ट बी अँग्री.’ ती मी वर्गात वाचून दाखवली. पहिलीही वाचून दाखवली, आणि दोन्हींतून निरोप पोचतो हे मुलांकडूनच काढून घेतलं.

फेब्रुवारीत एक दिवस मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दाराशी आली. हातात चतकोर कागद होता. आईला खरंच बरं नव्हतं, म्हणून तिने चिठ्ठी लिहून शेजारच्या मावशीबरोबर सोसायटीत पाठवली होती. कागदाच्या मागच्या बाजूला त्या बाईंचं उत्तर होतं: आईला विश्रांती घेऊ दे, आम्ही रविवारपर्यंत बाहेरगावी आहोत, आणि शेवटची ओळ, ‘प्लीज वॉटर द प्लँट्स आउटसाइड द डोअर.’

‘बाई, यात एक चूक आहे ना?’ तिने बोट ठेवलं. ‘वॉटरच्या आधी ‘गिव्ह’ राहिलंय.’

मी कागद घेतला. ‘तुला हे समजलं कसं मग? तू काय केलंस?’

‘घातलं की पाणी. काल संध्याकाळी जाऊन आले, पाच कुंड्या आहेत,’ ती म्हणाली. ‘पण ‘गिव्ह’ पाहिजे ना, बाई?’